‘झेब्रेच आहेत, पुढे चला’: आफ्रिकेच्या सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
केनिया-टांझानियाच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांचे संचालक आणि त्यांचे टूर लीडर यांस

सस्नेह नमस्कार.

गेल्या ऑगस्टमध्ये तुमच्यापैकीच एका संस्थेबरोबर मी मसाई मारा पाहून आले. संस्थेचं नाव घेणार नाही. राहणं, जेवण, गाड्या, सगळी व्यवस्था चोख होती, आणि मला जे म्हणायचं आहे ते त्या एकट्या संस्थेला उद्देशून नाहीच. ते एका वाक्याबद्दल आहे. पहिल्या सकाळी गेटमधून आत शिरलो आणि दहा मिनिटांत उजव्या हाताला तीस-पस्तीस झेब्रे चरताना दिसले. आमच्या गाडीतल्या एका आजोबांनी "थांबा, थांबा" म्हणत हात वर केला. ड्रायव्हरने वेग कमीही केला. तेवढ्यात पुढच्या गाडीतून टूर लीडरचा वायरलेसवर आवाज आला, "झेब्रेच आहेत, पुढे चला. सिंहाचं लोकेशन मिळालंय." गाडी सुटली. पुढच्या तीन दिवसांत हे वाक्य मी निदान पाच-सहा वेळा ऐकलं. आजोबांनी पुन्हा हात वर केला नाही.

त्या ‘झेब्रेच’मधल्या ‘च’साठी हे पत्र.

तुमची अडचण मला कळते. माणसं आयुष्यभराची पुंजी बाजूला काढून येतात आणि सिंह दिसला नाही तर परतीच्या विमानात कुरकुर सुरू होते. ‘बिग फाइव्ह’ची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांची यादी प्रत्येकाच्या डोक्यात असते. पण ती यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याची जनावरं कोणती याची. आपण बंदूक घेऊन जात नाही. मग त्यांची यादी आपण का डोक्यावर घ्यायची?

मी पशुवैद्यक आहे. 31 वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, त्यातली बरीच माण-खटावच्या कोरडवाहू भागात. गाय, म्हैस, शेळी, घोडं, गाढव सगळं हाताखालून गेलं. झेब्रा या घोडा-गाढवांच्याच कुळातला. स्वाहिली भाषेत त्याला ‘पुंडा मिलिया’ म्हणतात, म्हणजे पट्ट्यांचं गाढव. त्यामुळे तो कळप मागे पडताना मला ओळखीच्या माणसाच्या दारावरून न थांबता पुढे गेल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या गाडीचं टायर पंक्चर झालं आणि मला हवा होता तो वेळ मिळाला. चाळीस मिनिटं. वीस-पंचवीस पावलांवर एक मादी आणि तिचं शिंगरू. शिंगराचे पट्टे अजून काळे झाले नव्हते, तपकिरी आणि लोकरीसारखे वाटत होते. कळपातली दुसरी मादी जवळ आली की आई मध्ये येऊन आडवी उभी राही, कान मागे पाडी आणि तिला हुसकून लावी. जन्मल्यावर पहिले काही दिवस आई असंच करते. तेवढ्या दिवसांत शिंगराला तिचे पट्टे, तिचा वास, तिचा आवाज पक्का करायचा असतो. कोणत्याही दोन झेब्र्यांचे पट्टे सारखे नसतात. कागदावरच्या अंगठ्यासारखेच ते.

आणि माशा. आमच्या गोमाशीच्या जातीची एक दांडगी माशी त्या मादीच्या कुशीजवळ घिरट्या घालत होती. जवळ यायची, अंगाला धडकल्यासारखी व्हायची आणि निघून जायची. दोनदा, तीनदा. मग ती गाडीकडे वळली आणि माझ्या शेजारच्या बाईंच्या मनगटावर इतकी अलगद बसली की चावल्यावरच कळलं. बाई ओरडल्या, सगळे हसले. मी मात्र थक्क होऊन बघत राहिले. इतकी वर्षं वाचत आलेली गोष्ट हाताच्या अंतरावर घडली होती.

पट्टे कशासाठी, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. सिंहाचा गोंधळ उडवायला, अंग थंड ठेवायला, एकमेकांना ओळखायला, असं बरंच काही सांगितलं गेलं. बसमधल्या माईकवरून अजूनही सिंहाचीच गोष्ट सांगितली जाते. पण पन्नास मीटरच्या पलीकडून भर दिवसासुद्धा सिंहाला ते पट्टे वेगवेगळे दिसत नाहीत, झेब्रा एकरंगी, राखाडीच दिसतो. टिम कॅरो या शास्त्रज्ञाने हा विषय अनेक वर्षं लावून धरला. 2014 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घोड्याच्या कुळातली पट्टेरी जनावरं जिथे राहतात तो भाग आणि चावऱ्या माशांचा भाग एकमेकांशी जुळतो. मग 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेटला एका घोड्यांच्या तबेल्यात त्यांनी साध्या घोड्यांवर झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घातल्या. माशा जवळ तेवढ्याच आल्या, पण झुलीवर त्यांना उतरताच येईना. त्याच घोड्यांच्या उघड्या डोक्यावर मात्र नेहमीसारख्याच बसल्या. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवून पाहिले, तर माशा चावण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पोळ्याला बैल रंगवणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट सांगून बघा, डोळे कसे चमकतात ते.

चावरी माशी म्हणजे नुसती कटकट नव्हे. तिच्यासोबत सर्रा हा रक्तातला रोग येतो. मी सर्रा झालेली घोडी पाहिली आहे. ताप, उतरत जाणारं अंग, पोटाखाली सूज, आणि महिनाभरात हाडांचा सापळा. आफ्रिकेत असे माशांमधून पसरणारे रोग कितीतरी, आणि झेब्र्याच्या अंगावरचे केस आखूड, माशीची सोंड सहज आरपार जाईल एवढे. आपल्याकडे कच्छच्या छोट्या रणातली रानगाढवं आठवा, पुण्या-मुंबईहून तिथे दर हिवाळ्यात गाड्या जातात. 1960 च्या सुमारास सर्रा आणि घोड्यांचा एक आफ्रिकी विषाणूरोग अशा दोन्ही साथी तिथे आल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस रानगाढवं केवळ 362 उरली. संरक्षण मिळालं, रोग हटला, आणि 2020 च्या मोजणीत ती 6,082 भरली. त्या रानगाढवाच्या अंगावर पट्टे नाहीत. झेब्र्याच्या अंगावर आहेत. एवढ्या एका गोष्टीवर गाडी पाच मिनिटं थांबवायला काय हरकत आहे?

आता त्या ‘च’कडे येते. तो ऐकला की प्रवाशाला वाटतं, झेब्रा म्हणजे एकच जनावर, हवं तेवढं आहे आणि नेहमीच असणार. तिन्ही समज चुकीचे आहेत.

झेब्रे तीन प्रकारचे. तुम्ही मारामध्ये दाखवता तो मैदानी झेब्रा, रुंद पट्ट्यांचा, पोटाखालीही पट्टे असलेला. एक नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरं असं त्याचं कुटुंब असतं, आणि हजारोंच्या कळपातही ते कुटुंब फुटत नाही. तो रवंथ करत नाही. चारा मागच्या आतड्यात आंबवतो आणि पटापट पुढे ढकलतो, म्हणून निकस, जून, उंच गवतावरही भागवतो, फक्त खावं खूप लागतं. माराला लागून असलेल्या टांझानियातल्या सेरेंगेटीत तो पुढे जाऊन वरचं जाडंभरडं गवत कापतो, मागून येणाऱ्या विल्डबीस्ट या बैलासारख्या दांडग्या हरणाला खालची पाती मिळतात, आणि त्याच्याही मागून आलेल्या लहान हरणांना कोवळे कोंब. कळपांच्या ज्या नदी ओलांडण्यासाठी तुम्ही जुलै-ऑगस्टच्या तारखा विकता, तिची वाट अशी आधी झेब्र्यांनी चरून मोकळी केलेली असते. या मैदानी झेब्र्यांची संख्या 2016 मध्ये सुमारे पाच लाख होती. ऐकायला भरपूर वाटते, पण त्याआधीच्या 14 वर्षांत ती जवळजवळ पावपट घटली होती.

याच मैदानी झेब्र्याचा एक भाईबंद दक्षिण आफ्रिकेत होता, क्वागा. पुढचं अंग पट्ट्यांचं, मागचं तपकिरी. गुरांच्या कुरणावर वाटेकरी नको म्हणून आणि कातड्यासाठी त्याला मारत गेले. शेवटची क्वागा मादी 12 ऑगस्ट 1883 रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली, आणि ती शेवटची होती हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानीही नव्हतं. तेव्हाही तिकडचे लोक ‘क्वागाच आहेत’ असंच म्हणत असणार.

दुसरा डोंगरी झेब्रा, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतला, गळ्याखाली बैलाच्या पोळीसारखी लोंबती कातडी आणि खडकावर चढणारे कठीण खूर असलेला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या बाजूची त्याची उपजात विसाव्या शतकाच्या मध्याला शंभराच्याही खाली गेली होती. त्याच्यासाठी 1937 मध्ये क्रॅडॉकजवळ राखीव क्षेत्र केलं, तेव्हा तिथे पाच नर आणि एक मादी होती, आणि तीही टिकली नाहीत. 1950 मध्ये शेजारच्या एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीवरची अकरा जनावरं दिली, तिथून पुन्हा सुरुवात झाली. आज ती उपजात हजारोंत आहे. एका शेतकऱ्याच्या दानतीवर एक कूळ उभं राहिलं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि तिसरा, ज्याच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. ग्रेव्हीज झेब्रा.

सहल संपल्यावर गट मुंबईला परतला. मी नैरोबीत भाचीकडे थांबले आणि तिच्यासोबत उत्तरेला सांबुरूला गेले. सगळीकडे करडा-तांबडा मुलूख, काटेरी बाभळी, इवासो न्यिरो नदीचं पात्र अर्धंअधिक वाळूच. मला क्षणभर म्हसवडच्या पुढे माणगंगेकाठी आल्यासारखं झालं. तिथे एका बाभळीखाली तो एकटा उभा होता. मारातल्या झेब्र्यापेक्षा चांगला हातभर उंच वाटला, कान मोठे गोल, पोट पांढरंशुभ्र, आणि पट्टे इतके बारीक की येवल्याच्या विणकराने एकेक धागा मोजून घातला असावा. हा नर कुटुंब बाळगत नाही. तो आपली हद्द धरून बसतो, कित्येक चौरस किलोमीटरची, शक्यतो पाण्याजवळची, आणि माद्या तिथे येतील त्याची वाट पाहतो. ओरडला तेव्हा अगदी गाढवाचा आवाज.

दुपारी नदीपाशी जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. पाण्याच्या डबक्यावर शेळ्या आणि उंट होते, दोन पोरं राखत होती. पलीकडच्या चढावर चार ग्रेव्हीज माद्या उभ्या. त्यांतल्या दोघींच्या सडांवरून दिसत होतं की त्या दूध पाजणाऱ्या आहेत. त्या पुढे येत नव्हत्या. नुसत्या उभ्या. एक तास, दोन तास. ही जात कोरड्याला सरावलेली आहे. एरवी ती दोन ते पाच दिवस पाण्याशिवाय काढते, पण अंगावर पिणारं शिंगरू असलेल्या मादीला रोज-दोन रोजांत पाणी लागतंच. त्या शिंगरांना मागे कुठेतरी एकत्र, बहुधा एका नराच्या आसपास, ठेवून येतात. पहिले तीनेक महिने शिंगरू पाणी पीत नाही, सगळं आईच्या दुधावर. आईला पाणी नाही तर त्यालाही काही नाही. दिवसा गुरं पाण्यावर असली की या माद्या रात्री पाण्यावर येतात, आणि रात्री तिथे सिंह असतो.

कृपा करून हे वाचून त्या पोरांना दोष देऊ नका. त्यांच्या शेळ्याही तहानलेल्याच होत्या. वरच्या अंगाला, केनिया पर्वताच्या उतारावर, फुलांची आणि भाजीची मोठी शेती नदीचं पाणी उचलते, पाऊस वेळापत्रक सोडून वागतो, चराईची जमीन रस्ते आणि कुंपणं कापत जातात, आणि उरल्यासुरल्या कुरणात आपल्याकडची ओळखीची वेडी बाभूळ घुसली आहे. खाली उरतं त्यात माणूस, शेळी आणि झेब्रा यांनी वाटून घ्यायचं.

1970 च्या दशकाच्या अखेरीस ग्रेव्हीज झेब्रे सुमारे 15 हजार होते. आज जगात सुमारे तीन हजार, बहुतेक सगळे उत्तर केनियात, थोडे इथिओपियात. सोमालियातून संपले. आधी कातड्याच्या फॅशनने मारले. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली, नंतर कुरण आणि पाणी कमी होत गेलं. 2005-06 मध्ये सांबुरूच्या वांबा भागात काळपुळीची साथ आली आणि पन्नासावर जनावरं गेली. तेव्हा जंगलातल्या झेब्र्यांना लसी टोचल्या, आणि गावातल्या गुरांनाही टोचल्या, कारण रोगाला जंगल आणि गाव वेगळं कळत नाही. मग 2022 चा दुष्काळ. फेब्रुवारी ते ऑक्टोबरमध्ये केनिया सरकारच्या नोंदीप्रमाणे 381 मैदानी झेब्रे मेले आणि 49 ग्रेव्हीज. 49 हा आकडा लहान वाटेल, पण जिथे सगळे मिळून जेमतेम तीन हजार आहेत तिथे तो फार मोठा आहे. त्या दुष्काळात तिथल्या संस्थांनी रानात गवताच्या पेंढ्या नेऊन टाकल्या. माणमधल्या 2012-13 च्या चारा छावण्यांत मी रोजच्या रोज उभी राहिले आहे. पेंढी टाकल्यावर जनावर आधी ती खात नाही, आधी आपल्याकडे बघतं. ते बघणं मला ठाऊक आहे.

कुंपणांबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यात माझा व्यवसाय आहे. बोट्स्वानात गुरांचे रोग आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणांनी 1968 पासून झेब्र्यांची एक जुनी वाट अडवली, ओकावांगोच्या पाणथळीकडून मकगाडीकगाडीच्या खाऱ्या मैदानांकडे जाणारी. माझ्यासारख्याच पशुवैद्यकांच्या सल्ल्याची ती कुंपणं, आणि गुरांच्या बाजूने पाहिलं तर कारण खोटं नव्हतं. 2004 मध्ये कुंपण काढलं. झेब्रा रानात वीसेक वर्षं जगतो, म्हणजे ती वाट चाललेलं एकही जनावर उरलेलं नव्हतं. तरी तीन-चार वर्षांत गळ्यात यंत्र बांधलेल्या झेब्र्यांवरून दिसलं की ते पुन्हा त्याच वाटेने निघाले आहेत, जाऊन-येऊन साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. अडथळा काढला की जनावर आपलं आपण सावरतं. काढायला मात्र कुणीतरी हवं.

तुम्ही कुंपण काढू शकत नाही, पाऊस पाडू शकत नाही. पण महाराष्ट्रातून केनियाला जाणारी माणसं कुठे जातात, कुठे पैसे खर्च करतात आणि काय बघतात, हे तुम्ही ठरवता. तेवढं पुष्कळ आहे.

माझी पहिली मागणी सांबुरूची. तुमचे सगळे कार्यक्रम मारा, नाकुरू, नैवाशा, अंबोसेलीत फिरतात. त्यातली एक जागा कमी करून दोन रात्री सांबुरूला द्या. रस्ता चांगला आहे, नान्युकीपाशी विषुववृत्त लागतं, वाटेत ओल पेजेटाला नाजिन आणि फातू या जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंडा-माद्या आहेत. सांबुरूत ग्रेव्हीज झेब्रा, जाळीदार नक्षीचा जिराफ, मागच्या दोन पायांवर उभं राहून पाला खाणारं जेरेनुक हरीण, जे मारात दिसत नाही ते सगळं. शक्यतो स्थानिक समाजाच्या कुरण-संस्थांच्या मुक्कामात राहा. प्रवाशाचे पैसे त्या राखणाऱ्या पोरांच्या घरात गेले, तर पाण्यावर झेब्र्याला वाट मिळायला कारण होतं.

नदीकाठी गाड्यांची गर्दी करू नका. झेब्रे काठावर येतात, थबकतात, परत फिरतात. दहादा असं होतं. समोरच्या चढावर वीस गाड्या आणि आरडाओरडा असला तर पाण्यातून वर यायची जागाच राहत नाही, आणि शिंगरू आईपासून तुटलं की ते गेलंच. रस्ता सोडून गाडी घालायला ड्रायव्हरला जास्त टिपेचं आमिष दाखवणारे प्रवासी मी आपल्या गटात पाहिले. त्यांना निघण्याआधी स्पष्ट सांगा. एकदा सांगितलं की आपली माणसं ऐकतात.

आणि फोटो. 2016 पासून केनियात ग्रेव्हीज झेब्र्यांची मोजणी सामान्य माणसांच्या कॅमेऱ्यातून झाली. दोन दिवसांत शेकडो लोक रानात फिरतात, प्रत्येक जनावराच्या उजव्या कुशीचा फोटो काढतात आणि पट्ट्यांवरून संगणक एकेकाला ओळखतो. पहिल्या खेपेला 2,350 निघाले, 2018 मध्ये 2,812. विद्यार्थी, शिक्षक, पर्यटक, कोणीही त्यात असतं. आपल्या माणसांच्या हातात किती महागडे कॅमेरे असतात! त्यांना फक्त सांगायचं, उजवी कूस घ्या.

बसमध्ये सांगायला गोष्टही आहे. 1621 मध्ये जहांगीर बादशहाकडे हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून, एक झेब्रा आला. बघणाऱ्यांना वाटलं, अंगावर रंग लावलाय. नीट तपासलं, पट्टे खरेच निघाले. दरबारातल्या मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडचा बादशहा एका झेब्र्यापाशी थांबला होता.

सहलीआधी तुम्ही सगळ्या प्रवाशांची बैठक घेता. पिवळ्या तापाची लस, बॅगेचं वजन, डॉलर, गरम कपडे. त्या बैठकीत मला अर्धा तास द्या. पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, जिथे असेल तिथे मी माझ्या खर्चाने येईन. मानधन नको. दिवाळीनंतर तुमचे पुढच्या वर्षाचे कार्यक्रम छापायला जातात, म्हणून आत्ताच लिहिते आहे. सांबुरूचा बेत पक्का झाला तर मला लवकर कळवा. गाडीतल्या त्या आजोबांचा फोन नंबर मी घेऊन ठेवला आहे, त्यांना सर्वांत आधी सांगायचं आहे.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्यक, सातारा जिल्हा